नानांसोबत पोर्तो: तीन दिवस, वाईनची एक संध्याकाळ आणि पिंप

नाना म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडी शरद, आणि नानांचं सगळं आयुष्य त्या बागेत गेलंय. दुसरं म्हणजे नाना माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब नाही, अंडं-मटण नाही. मी आणि नवरा नेदरलँड्सला असतो, नाना पहिल्यांदाच आमच्याकडे आले (आईला विमान नको वाटतं आणि बागेकडे कोणीतरी बघायला पाहिजे म्हणून ती दादाजवळ राहिली), आणि त्यांची अट एकच होती की पालखी निघायच्या आत मला घरी पोचवा. मग मधल्या दिवसांत त्यांना कुठं न्यायचं यावर घरात बरंच बोलणं झालं, नवरा म्हणत होता पॅरिस, पण माझ्या डोक्यात पोर्तुगालमधलं पोर्तोच होतं, कारण मला त्यांना अशा गावात न्यायचं होतं जे गावच द्राक्षांवर उभं राहिलंय.

आणि तिथली संध्याकाळची वाईन वॉकिंग टूर मी मुद्दाम तिघांची बुक केली. नवरा म्हणाला, अगं नाना पिणार नाहीत तर तीन-चार तास काय करणार? माझं म्हणणं होतं की ग्लासात येण्याआधीचं सगळं त्यांना आपल्या दोघांपेक्षा जास्त कळतं. टूरवाल्यांना आधी लिहून ठेवलं की एकजण शाकाहारी आहे आणि पीत नाही, त्यांचं लगेच उत्तर आलं, काही अडचण नाही, द्राक्षाचा रस ठेवू.

दिवस पहिला

दुपारी पोचलो, सामान टाकलं आणि बाहेर पडलो. जूनचा पहिला आठवडा, ऊन होतं पण वारा गार. पोर्तो म्हणजे चढ-उतार, सपाट असं काही नाहीच, आणि खाली दोउरू नदी. गल्ल्या दगडी, गुळगुळीत झालेल्या, नानांना मी बूट घ्यायला लावले होते ते बरं झालं, चपलेवर हे गाव फिरू नये.

पहिल्या दिवशी फक्त सेपर्यंत गेलो, म्हणजे इथलं कॅथीड्रल, बाराव्या शतकात बांधायला घेतलेलं, बाहेरून किल्ल्यासारखं दिसतं. पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव आणि इंग्लंडची फिलिपा यांचं लग्न १३८७ साली इथंच लागलं, पोर्तुगाल आणि इंग्लंडची दोस्ती साधारण त्याच काळापासूनची, आणि तिचा वाईनशी फार जवळचा संबंध आहे, तो दुसऱ्या दिवशी कळला. आम्ही अंगणात बसलो होतो आणि घंटा सुरू झाल्या. नाना एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "नारोशंकराची घंटा आशीच असंल वाजत." नाशिकच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा पोर्तुगीजांची आहे, वसईची, १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली त्यानंतर ती नाशिकला आली आणि तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. लहानपणी नानांनी मला खांद्यावर बसवून ती दाखवलेली मला आठवते. आता त्या घंटेच्या माहेरी आम्ही दोघं बसलो होतो, मला खरंच भरून आलं.

उतरताना एका दुकानाबाहेर छोट्या छोट्या कुंड्या होत्या, गोल गच्च हिरवी झाडं, प्रत्येकात कागदी फूल आणि कागदावर चार ओळींची कविता. २३ जूनच्या रात्री इथं साँव जुआंवचा मोठा उत्सव असतो, तेव्हा ही मांजेरिकूची कुंडी एकमेकांना देतात. तुळशीच्याच जातीतलं झाड. नाना वाकून वास घ्यायला गेले तर दुकानातल्या आजीने हाताने थांबवलं, आपला तळवा झाडावरून हळूच फिरवला आणि तो तळवा नाकाशी नेला. नाक झाडाला लावायचं नाही अशी इथली रीत आहे. नानांनी तसंच केलं, डोळे मिटून, मग माळेला हात लावला. आजी काय समजली माहिती नाही पण हसली. कुंडी घेतलीच.

दिवस दुसरा

सकाळी विशेष काही केलं नाही, नानांचा गुडघा संध्याकाळसाठी राखून ठेवायचा होता. पोटभर जेवून निघालो, आणि कोणी जाणार असेल तर हे ऐकाच, या टूरवर रिकाम्या पोटी जाऊ नका, खायला मिळतं पण ते तोंडात टाकण्यापुरतं.

पाच वाजता साँव बेंतू स्टेशनच्या हॉलमध्ये जमायचं होतं. आमची गाईड पस्तिशीची असेल, आजोबांची दोउरूच्या खोऱ्यात वाईनची बाग होती असं तिने सुरुवातीलाच सांगितलं. बरोबर एक ब्राझीलचं जोडपं आणि दोन कॅनडाच्या मुली, एवढेच आम्ही. हे स्टेशन १९१६ साली सुरू झालं आणि आतल्या भिंतींवर जवळपास वीस हजार निळ्या-पांढऱ्या टाईल्स आहेत, जॉर्ज कोलासू या चित्रकाराच्या. सगळे लढायांची मोठी चित्रं बघत होते, नाना बघत होते बाजूचं द्राक्षकाढणीचं चित्र. पाट्या, बायका, ओझी. मी विचारलं काय बघताय तर म्हणाले, "डोक्यावर पाटी घ्यायची पद्धत सारखीच हाये."

तिथून फ्लोरिश रस्त्याने खाली. गाईडने पहिल्या थांब्यावर एका अरुंद बारमध्ये नेलं, आत चारच टेबलं, आणि विन्यू वेर्द दिली. वेर्द म्हणजे हिरवी, पण रंग हिरवा नसतो, हिरवी म्हणजे कोवळी, लवकर प्यायची. पोर्तोच्या उत्तरेला मिन्यू भाग आहे तिथली, हलकी, जिभेवर किंचित बुडबुडे, आंबटसर, कैरीच्या पन्ह्याची आठवण झाली मला. सोबत मक्याचा ब्रोआ पाव, ऑलिव्ह, आणि त्रेमोसू नावाचे खारवलेले पिवळे दाणे, साल काढून खायचे. नानांना ते दाणे फार आवडले, पावट्यासारखे लागतात म्हणाले.

गाईडने फोनवर मिन्यूच्या जुन्या बागांचे फोटो दाखवले आणि नाना खुर्चीतून उठलेच. मांडव! दगडी खांबांवर डोक्याच्या वर वेल चढवलेला, खाली भाजी लावलेली. तिने सांगितलं की जमीन कमी, पाऊस भरपूर, म्हणून वेल वर चढवायचा, हवा खेळते आणि रोग कमी येतो, खालची जमीन मोकळी राहते. नाना म्हणाले, "तिला सांग, आमचे बी मांडवच व्हते आधी. पानाखाली हवा खेळली नाही की डाऊनी आलाच." मी जमेल तसं भाषांतर केलं, डाऊनीला, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाला, करायची गरजच पडली नाही, ती म्हणाली आमचे आजोबा त्याच्या नावानेच घाबरायचे. त्यानंतर ती पूर्ण संध्याकाळ नानांकडे बघूनच बोलत होती.

मग रिबेरा, नदीकाठचा जुना भाग, रंगीत उंच घरं, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. हा सगळा जुना पोर्तो १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. गर्दी भयंकर होती, ते खरं सांगते. पण गाईड आम्हाला गर्दीतून एका भिंतीपाशी घेऊन गेली, तिथं ब्राँझचं एक चित्र आणि पुढं मेणबत्त्या. २९ मार्च १८०९ ला नेपोलियनचं सैन्य पोर्तोत घुसलं, लोक पळत सुटले नदीकडे, तेव्हा पक्का पूल नव्हता, होड्या जोडून केलेला पूल होता, तो गर्दीने तुटला आणि असंख्य माणसं बुडाली. दोनशे वर्षं होऊन गेली तरी लोक अजून इथं मेणबत्ती लावतात. नानांनी टोपी काढून हात जोडले. ती मग १९०९ च्या पुराबद्दल बोलली, पाणी कुठवर चढलं होतं ते हाताने दाखवलं, आणि नानांनी मला दुतोंड्या मारुतीचं सांगायला लावलं, की आमच्याकडे गोदावरीचा पूर मारुतीवर मोजतात, कमरेला आला, छातीला आला, गळ्याला आला. कॅनडाच्या मुलींनी ते लिहून घेतलं.

दुसरा थांबा तिथंच मागच्या गल्लीत, दगडी कमानीखाली, दोउरूची लाल वाईन. ही साधी टेबल वाईन, पोर्ट नाही (पोर्ट म्हणजे इथली प्रसिद्ध गोड, कडक वाईन, तिचं पुढं सांगते). तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिझ अशी द्राक्षांची नावं तिने घेतली. मला चव अशी लागली की जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी होते, तशी. नवऱ्याला ती सगळ्यात जास्त आवडली. नानांच्या रसाचा ग्लास आला, त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, बी आहे का या द्राक्षात? आहे म्हणाली, मणी छोटा, साल जाड, बी मोठी, रंग आणि तुरटपणा साल-बीतूनच येतो. जुन्या बागेत एका वेलीवर जेमतेम किलो-दीड किलो माल. नाना माझ्याकडे बघायला लागले, म्हणाले नीट विचार, किलो का क्रेट? आमच्याकडे मणी फुगवायला जीएत (वाढीचं संजीवक) घड बुडवायचे, विरळणी करायची, एकरी दहा-बारा टन काढायचे, आणि इथं मणी छोटा राहावा म्हणून धडपड. आणि पारंपरिक बागेला पाणीच देत नाहीत हे ऐकल्यावर तर ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांनी टँकरने बाग जगवली होती, एकेका खोडाला बादलीने पाणी, मला ते वर्ष आठवतं, घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

मग त्यांनीच प्रश्न केला, "यांचा भाव कोन ठरवतं? लिलाव व्हतो का?" मी इंग्रजीत ऑक्शन म्हणाले, तर गाईड म्हणाली, त्याला आम्ही लैलांव म्हणतो. मी दोनदा म्हणायला लावलं तिला. लैलांव, लिलाव! लासलगाव-पिंपळगावच्या मार्केटात रोज जो शब्द कानावर पडतो तो यांच्याकडून आलेला. मग सुरूच झालं, साबण, चावी, बटाटा, पगार, काजू, अननस, कोबी, पाव, एकेक शब्द नाना टाकायचे आणि ती आणि ते ब्राझीलचं जोडपं टाळ्या वाजवून ओळखायचे. पण उत्तर राहिलं ते सांगते, लिलाव होत नाही. पोर्टसाठी प्रत्येक बागेला गुण असतात, माती, उतार, उंची, वेलीचं वय, द्राक्षाची जात यावर, त्यावरून ए, बी, सी अशी श्रेणी, आणि दरवर्षी सरकारी संस्था ठरवते की कुठल्या बागेने किती रस पोर्टसाठी द्यायचा. भाव मग शेतकरी आणि वाईन कंपनीत ठरतो, आणि तिथं छोट्या शेतकऱ्याची ओढाताण होते, तिच्या आजोबांनी शेवटी बाग विकली ती त्यामुळेच. नानांनी याच्यावर काही म्हटलं नाही, नुसती मान हलवली.

सात वाजून गेले होते, आम्ही पुलाच्या खालच्या मजल्यावरून चालत नदी ओलांडली. हा दों लुईश पूल १८८६ चा, लोखंडी, दोन मजल्यांचा, वरून मेट्रो जाते. आयफेलचा जुना भागीदार तेओफिल सेरिग याने केलेला. पलीकडे विला नोवा द गाया, तांत्रिकदृष्ट्या वेगळं गाव, आणि पोर्ट वाईनची सगळी जुनी गोदामं याच काठावर. कारण साधं आहे, द्राक्षं पिकतात आत शंभर किलोमीटरवर, तिथं उन्हाळा भट्टीसारखा, आणि इथं समुद्र जवळ, हवा गार, दमट, उताराचं तोंड उत्तरेला, वाईन सावकाश मुरते. पूर्वी राबेलो नावाच्या चपट्या होड्यांतून पिंपं नदीतून यायची, १९६० च्या सुमाराला धरणं व्हायला लागली तेव्हा ते थांबलं, आता त्या होड्या काठाला शोभेला उभ्या असतात.

गोदामात शिरलो आणि थंड, ओलसर, गोड वास आला, बेदाण्याच्या शेडमध्ये येतो तसा पण खोल. अंधारात रांगेने लाकडी पिंपं. गाईड म्हणाली, याला पिपा म्हणतात. नाना म्हणाले, "काय?" पिपा. "पिंप!" मी यावेळी भाषांतर केलं नाही, करायचं कारणच नव्हतं. नाना पुढं गेले, पिंपावर तळवा ठेवला, आदल्या दिवशी मांजेरिकूवर ठेवला होता तसाच हलका. आमच्या घराच्या पडवीत पाण्याचं पिंप होतं, औषध कालवायचं वेगळं पिंप, आणि तो शब्द चारशे-पाचशे वर्षांपूर्वी याच लोकांच्या जहाजातून उतरला.

एक पिपा म्हणजे ५५० लिटर. त्यात ४३५ लिटर द्राक्षाचा आंबत असलेला रस आणि ११५ लिटर द्राक्षाचीच कडक दारू, ७७ टक्के. रस आंबायला लागून दोन-तीन दिवस झाले, निम्मी साखर शिल्लक आहे, तेवढ्यात ती दारू ओततात, यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि गोडवा आतच राहतो. म्हणून पोर्ट गोड आणि कडक दोन्ही. अठराव्या शतकात इंग्लंडची फ्रान्सशी भांडणं, फ्रेंच वाईन मिळेना, १७०३ च्या तहाने पोर्तुगालच्या वाईनवर कर कमी झाला, आणि इंग्रज व्यापारी इथं येऊन बसले, गोदामांवरची टेलर, ग्रॅहम, सँडमन ही नावं त्यामुळे. मग मागणी वाढली तशी भेसळ आली, रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळायचे. पॉम्बलच्या मार्क्विसने १७५६ ला कंपनी काढली, दोउरूच्या वाईन-भागाची हद्द आखली, ग्रॅनाईटचे खांब रोवले, आणि एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली. नाना म्हणाले, "झाडंच उपटली? बराबर केलं."

चव घेतल्या तीन. रुबी, लालभडक, चेरीसारखी. मग टॉनी, दहा वर्षांची आणि वीस वर्षांची (हे वय सरासरी असतं, वेगवेगळ्या वर्षांची मिसळून करतात), पिंपात राहून लाल रंग जातो आणि तांबूस होते, खारीक, अक्रोड, जळत आलेल्या साखरेचा वास. वीसवाली मी विसरणार नाही. व्हिंटेज मात्र दाखवली फक्त, ती चांगल्या वर्षाचीच करतात, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं जाहीर झाली हे विशेष मानतात.

दगडी हौदात द्राक्षं पायाने तुडवायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे, पायाने बी फुटत नाही म्हणून कडवट होत नाही. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेने उभे राहतात, पहिले दोन तास एका तालात, डावा-उजवा, डावा-उजवा, कोणी मोडायचं नाही, आणि नंतर वाद्यं येतात, मोकळं नाचायचं. तिने व्हिडिओ दाखवला आणि नाना म्हणाले, "ही तं पावली झाली." मी तिला वारीचं सांगितलं, टाळ, विठ्ठल, पावली, सगळं. तिने विचारलं करून दाखवाल का? आणि माझ्या नानांनी, दुखऱ्या गुडघ्याने, त्या अंधाऱ्या गोदामात पिंपांच्या मध्ये चार पावलं पावली केली. त्या दोन कॅनडाच्या मुली आणि नवरा मागून सामील झाले. मी फोन काढलाच नाही, नुसतं बघत राहिले.

वर गेलो, नऊच्या सुमाराला सूर्य गेला, वरच्या मजल्यावरून पूल ओलांडून परत.

दिवस तिसरा

हा टूरचा भाग नव्हता पण नानांनी रात्रीच सांगितलं होतं की गोदाम बघितलं, आता बाग बघायची. सकाळची ट्रेन घेऊन पिन्याँवला गेलो, अडीच तास, उजवीकडे बसा, निम्म्या वाटेपासून नदी अगदी रुळाला लागून येते. पिन्याँवच्या स्टेशनवर पण द्राक्षकाढणीच्या टाईल्स आहेत.

डोंगर खाली नदीपासून माथ्यापर्यंत पायऱ्या-पायऱ्यांचे, दगडावर दगड, मध्ये चुना नाही काही नाही. माती म्हणजे शिस्ट दगडाचे पापुद्रे. एका छोट्या बागेत परवानगी घेऊन शिरलो. जूनमध्ये मणी बाजरी-ज्वारीएवढे, नाना म्हणाले हे तर आपलं डिसेंबरचं चित्र. सवयीने पान उलटं करून बघितलं. भिंतीवर बुरशीच्या औषधाच्या फवारणीचे निळसर डाग होते, ते बोटाने खरवडून म्हणाले, "बोर्डो. मोरचूद-चुना." तिथं काम करणारा साठीचा माणूस होता, त्याला इंग्रजी येत नव्हतं, नानांना पोर्तुगीज नाही, तरी दोघं पाऊण तास खोडाशी बसून बोलत होते. कलमाची गाठ त्याने दाखवली, १८६० नंतर फिलॉक्सेरा किडीने इथल्या बागा मारल्या, तेव्हापासून मुळं अमेरिकन आणि वर पोर्तुगीज वेल. नाना मला हाक मारून म्हणाले, "आपला डॉगरीज बी अमेरिकेचाच ना, खुंट एकच झाला." (डॉगरीज म्हणजे आम्ही ज्याच्यावर द्राक्षाचं कलम करतो तो खुंट.) समोरच्या डोंगरावर नुसत्या भिंती होत्या, वेल नाही, झुडपं माजलेली. त्या काळात मेलेल्या आणि परत न लावलेल्या बागा, त्यांना मोर्तोरियो म्हणतात. तो माणूस तिकडे बोट दाखवून गप्प झाला, नाना पण गप्प झाले.

निघताना त्याने आपली छाटणीची कात्री नानांच्या हातात दिली, वजन बघा म्हणून. नानांनी दोनदा चालवून बघितली, एक वाळकी काडी होती ती डोळ्याच्या (काडीवर कोंब फुटतो ती जागा) थोडी वर कापली, आणि कात्री परत देताना मूठ त्याच्याकडे केली. त्याने कापलेली जागा अंगठ्याने चाचपली, मान हलवली.

संध्याकाळच्या ट्रेनमध्ये नानांनी आईला व्हिडिओ कॉल लावला, रेंज जात-येत होती. पहिलं वाक्य होतं, खालच्या बागेची फवारणी झाली का? मग म्हणाले, "अगं, हे लोक पिंपाला पिपा म्हंतात."